अवाढव्य संख्यांचे रूपांतर आणि सेवा ठप्प करणारे हल्ले : बचावाची मांडणी

संगणक पूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतो, तर अर्ज, फाइली आणि एका प्रणालीकडून दुसरीकडे जाणारे संदेश यांमध्ये तोच पूर्णांक बहुधा दशमान अंकांची ओळ म्हणून लिहिलेला असतो. त्यामुळे बाहेरून माहिती घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला अंकांच्या ओळीचे संख्येत आणि संख्येचे पुन्हा अंकांच्या ओळीत रूपांतर करावे लागते. दहा-वीस अंकी संख्येसाठी हे काम इतक्या झटपट उरकते की त्याचा खर्च मोजण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. अंकांची संख्या हजारांतून लाखांत गेली की मात्र हा खर्च अंकांच्या पटीत न वाढता त्यांच्या वर्गाच्या पटीत वाढू लागतो, आणि एकाच लहानशा विनंतीने सर्व्हरचा प्रोसेसर कित्येक सेकंद अडकवून ठेवणे शक्य होते. प्रणालीतून काहीही न चोरता, केवळ तिला निष्फळ कामात गुंतवून इतर वापरकर्त्यांना सेवा मिळू न देणे याला सेवा-नकार हल्ला म्हणतात. त्यातही अल्गोरिदमच्या सर्वांत वाईट स्थितीतील खर्चाचा फायदा घेणाऱ्या हल्ल्यांचा स्वतंत्र वर्ग राइस विद्यापीठातील स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलाक यांनी २००३ मधील आपल्या निबंधात मांडला. अशा हल्ल्याला हजारो संगणकांची फौज लागत नाही, आणि म्हणूनच रहदारी मोजून गर्दी अडवणारी नेहमीची साधने त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात.

खर्च वर्गाच्या प्रमाणात का वाढतो, हे समजल्याशिवाय बचाव कुठे उभा करावा हे ठरवता येत नाही. अंकांची ओळ डावीकडून वाचताना साधी रीत अशी असते की आतापर्यंत तयार झालेल्या संख्येला दहाने गुणावे आणि पुढचा अंक तीत मिळवावा. प्रत्यक्षातील लायब्ररी एकेका अंकाऐवजी अंकांचे गट घेतात, पण त्याने फक्त स्थिर गुणक कमी होतो, वाढीची जात बदलत नाही. तयार होणारी संख्या प्रत्येक पायरीला लांबत जाते, म्हणून प्रत्येक गुणाकार आधीच्यापेक्षा थोडा महाग पडतो, आणि सर्व पायऱ्यांची बेरीज अंकसंख्येच्या वर्गाच्या घरात पोहोचते. परिणामी अंक दुप्पट केले तर वेळ चौपट होतो आणि दसपट केले तर शंभरपट. संख्येवरून अंकांची ओळ तयार करताना वारंवार भागाकार करावे लागतात आणि तेथेही हेच घडते. पाया दोनचा घात असेल, म्हणजे संख्या द्विमान, अष्टमान किंवा षोडशमान पद्धतीत लिहिलेली असेल, तर ही अडचण उद्भवत नाही, कारण षोडशमानातील प्रत्येक चिन्ह म्हणजे नेमके चार बिट असतात आणि ते ओळीने मांडत गेले की काम संपते. दहा हा दोनचा घात नसल्यामुळे दशमानातील प्रत्येक अंकाचा परिणाम संख्येच्या सर्व बिटांवर पसरतो. मोठ्या संख्यांचा गुणाकार वर्गापेक्षा कमी खर्चात करता येतो, हे अनातोली कारात्सुबा यांनी १९६० मध्येच दाखवून दिले होते, आणि त्यावर आधारलेल्या जलद रूपांतराच्या रीतीही उपलब्ध आहेत. तरीही बहुतेक भाषांच्या मूळ लायब्ररींमध्ये बरीच वर्षे शाळेतलीच रीत राहिली, कारण लाख अंकी संख्या कोणी अर्जात भरील ही कल्पना लेखकांना दूरची वाटत होती.

पायथॉन या भाषेचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे. या भाषेतील पूर्णांकाला आकाराची मर्यादा नाही, म्हणून बाहेरून आलेली ओळ इंट या फंक्शनकडे दिली की ती कितीही लांब असली तरी भाषा ती निमूटपणे संख्येत बदलू लागते. पाच लाख अंकांच्या रूपांतराला वेगवान प्रोसेसरवरही एक सेकंदाहून अधिक वेळ लागू शकतो, असे तिच्या अधिकृत दस्तऐवजातच नमूद आहे. सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक सूचीत या दोषाला सीव्हीई-२०२०-१०७३५ हा क्रमांक मिळाला. त्यातील २०२० हे वर्ष क्रमांक राखून ठेवल्याचे आहे. उपाय मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये, ३.७ ते ३.१० या त्या वेळी सांभाळल्या जाणाऱ्या मालिकांच्या सुरक्षा-आवृत्त्यांतून बाहेर आला आणि पुढच्या महिन्यात आलेल्या ३.११ मध्ये तो पहिल्यापासूनच होता. उपाय असा की दशमान ओळ आणि पूर्णांक यांच्यातील रूपांतराला दोन्ही दिशांनी ४,३०० अंकांची मर्यादा घालण्यात आली, आणि ती ओलांडल्यास काम सुरू होण्यापूर्वीच व्हॅल्यूएरर हे एक्सेप्शन उठते. पूर्वी मुकाट्याने चालणारे प्रोग्राम एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर अडू लागल्यामुळे गणिती काम करणाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण ज्या भाषेत लाखो संकेतस्थळे चालतात तिची मूळ वृत्ती सावध असावी, हा निर्णय अधिक योग्य म्हणावा लागतो. पुढे ३.१२ मध्ये वर्गापेक्षा कमी खर्चाच्या रूपांतर-रीती आल्या तरी मर्यादा काढली गेली नाही, कारण वाढ मंदावली म्हणजे ती थांबली असे होत नाही.

ही मर्यादा नेमके काय साधते, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर मूळ मांडणीत एका विनंतीचा मजकूर एक मेगाबाइटपर्यंत स्वीकारतो. विनंतीचा आकार मर्यादित ठेवला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या प्रणालीत त्या एका मेगाबाइटमध्ये दहा लाखांहून अधिक अंकांची एकच संख्या बसते, आणि तिच्या रूपांतराला पाच लाख अंकांच्या मानाने चौपटीहून थोडा अधिक वेळ लागतो. असे मोजके संदेश सतत येत राहिले तरी चार-आठ प्रक्रियांवर चालणारी सेवा कोलमडते. तोच मेगाबाइट ४,३०० अंकांच्या संख्यांमध्ये वाटायचा झाला तर सुमारे २४३ संख्या तयार होतात, आणि प्रत्येकीचा खर्च तिच्या स्वतःच्या लहान लांबीच्या वर्गाइतकाच राहत असल्याने एकूण खर्च आधीच्या सुमारे २४३ व्या हिश्शावर येतो. याचा अर्थ एकेका संख्येच्या लांबीवरील मर्यादेमुळे एकूण खर्च पुन्हा विनंतीच्या आकाराच्या सरळ प्रमाणात येतो, आणि मग विनंतीच्या आकारावरील मर्यादेलाही अर्थ प्राप्त होतो. दोन्ही मर्यादा एकमेकींना पूरक आहेत; एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

असे असले तरी भाषेने दिलेली ४,३०० ची मर्यादा हे शेवटचे जाळे समजावे, अर्जाची पडताळणी समजू नये. व्यवहारात येणाऱ्या संख्यांची लांबी त्यांच्या अर्थावरूनच ठरलेली असते: आधार क्रमांक १२ अंकी, पिन कोड ६ अंकी, बँक-कार्डाचा क्रमांक जास्तीत जास्त १९ अंकी, आणि ६४ बिटांत मावणारा मोठ्यात मोठा चिन्हरहित पूर्णांक २० अंकी असतो. म्हणून प्रत्येक रकान्याची लांबी त्या रकान्याच्या अर्थावरून ठरवावी आणि ती रूपांतराच्या आधी, ओळ अजून ओळच असताना तपासावी. संख्या तयार करून मग ती अमुकपेक्षा लहान आहे का हे पाहणारी पडताळणी येथे कामाची नाही, कारण पडताळणीपर्यंत पोहोचण्याआधीच खर्च होऊन गेलेला असतो. प्रत्यक्षातील कोडमध्ये हाच क्रम वारंवार उलटा आढळतो. याहून मूलभूत प्रश्न असा की कित्येक रकान्यांतील अंकांना संख्या मानण्याचे कारणच नसते. आधार क्रमांकाची बेरीज कोणी करत नाही, खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य संख्येत रूपांतर होताच नाहीसे होते, आणि दूरध्वनी क्रमांकाचे दुसऱ्या क्रमांकाशी लहान-मोठेपणाचे नाते नसते. अशी ओळख-चिन्हे शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच ठेवली तर रूपांतराचा प्रसंगच टळतो आणि माहितीही अधिक शुद्ध राहते. डेटाबेसमधील रकान्यांनाही हीच शिस्त लावावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये न्यूमेरिक हा प्रकार लांबी न सांगता वापरला तर दशांश चिन्हाच्या आधी १,३१,०७२ अंकांपर्यंतची संख्या साठवता येते, आणि एकदा आत शिरलेली अशी संख्या पुढे प्रत्येक अहवालाला व प्रत्येक यादीला अडसर ठरते.

ओळीची तपासणी करताना ती भाषा कोणती चिन्हे अंक म्हणून स्वीकारते, याची माहिती असणे आवश्यक असते, आणि मराठी वापरकर्त्यांसाठी प्रणाली उभारणाऱ्यांना तर ते विशेष लागू पडते. पायथॉनचे इंट हे फंक्शन रोमन लिपीबरोबर येणाऱ्या अंकांइतकेच १, २, ३ हे देवनागरी अंकही ओळखते, मजकुराच्या आधीची व नंतरची मोकळी जागा सोडून देते आणि अंकांच्या मधली अधोरेखा-चिन्हेही चालवून घेते. युनिकोड मजकुरावर चालणाऱ्या नियमित पदावलीतील 'अंक' हा वर्गही त्या भाषेत देवनागरी अंकांना लागू होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अंक तीन बाइट व्यापतो, म्हणून बाइट मोजणारी तपासणी आणि चिन्हे मोजणारी तपासणी यांची उत्तरे वेगळी येतात, आणि एका थराने नाकारलेली ओळ दुसऱ्या थराला मान्य होण्याची शक्यता निर्माण होते. देवनागरी अंक स्वीकारणे ही चांगलीच सोय आहे; मात्र ती ठरवून द्यावी, म्हणजे आलेले अंक आधी एका ठराविक रूपात आणावेत, मग चिन्हे मोजावीत आणि त्यानंतरच रूपांतर करावे.

लांबीची तपासणी कितीही काटेकोर असली तरी एक वाट मोकळीच राहते आणि ती घातांकाची आहे. वैज्ञानिक लेखनात 'ई' या अक्षरानंतर दहाचा घातांक लिहितात. त्यामुळे '१ई१०००००००००' ही अवघ्या बारा चिन्हांची ओळ एकावर शंभर कोटी शून्ये असलेली संख्या दर्शवते. पायथॉनच्या डेसिमल प्रकारात, तसेच जावाच्या बिगडेसिमलमध्ये, अशा संख्येचे अर्थपूर्ण अंक आणि घातांक वेगवेगळे साठवले जातात, म्हणून ती तयार होताना काहीच जाणवत नाही. पण तिचे पूर्णांकात रूपांतर करताच किंवा ती पूर्ण अंकांत छापताच शून्ये खरोखरच मांडावी लागतात, आणि वरील संख्येचा पूर्णांक केवळ साठवायलाच ४०० मेगाबाइटहून अधिक स्मृती लागते. पायथॉनची ४,३०० अंकांची मर्यादा डेसिमलपासून पूर्णांकाकडे जाणाऱ्या या वाटेवर लागूच होत नाही. जँगो या वेब-चौकटीला या दोषाचा फटका दोनदा बसला: फेब्रुवारी २०१९ मध्ये संख्या सजवून दाखवणाऱ्या तिच्या फंक्शनमध्ये मोठ्या घातांकाने स्मृती संपत असल्याचे उघड झाल्यावर २०० हून अधिक अंकांच्या दशांश संख्या वैज्ञानिक रूपातच दाखवण्याची दुरुस्ती झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये फ्लोटफॉरमॅट या फिल्टरमध्ये त्याच जातीची त्रुटी पुन्हा दुरुस्त करावी लागली. गो भाषेच्या बिग या पॅकेजमधील परिमेय संख्या वाचणाऱ्या फंक्शनलाही २०२१ आणि २०२२ मध्ये अशाच दुरुस्त्या कराव्या लागल्या. म्हणून रक्कम, वजन, दर अशा रकान्यांत घातांक-लेखन सरळ नाकारावे. ते स्वीकारणे गरजेचेच असेल, तर घातांकाची किमान व कमाल किंमत स्वतंत्रपणे तपासावी आणि ती तपासणी पूर्णांकात रूपांतर होण्यापूर्वी करावी.

आत येणाऱ्या वाटांवर पहारा ठेवताना बाहेर जाणाऱ्या वाटांकडे दुर्लक्ष होते. षोडशमान ओळीपासून संख्या तयार करणे स्वस्त असल्याने पायथॉन तिथे मर्यादा घालत नाही, तसेच कच्च्या बाइटांपासून पूर्णांक बनवण्यावरही मर्यादा नाही. परंतु अशा मार्गाने आत आलेली अवाढव्य संख्या पुढे लॉगमध्ये, चुकीच्या संदेशात किंवा जेसॉन या मजकूर-स्वरूपातील उत्तरात दशमानात लिहिली जाते तेव्हा जुन्या आवृत्तीत प्रोसेसर अडकतो आणि नव्या आवृत्तीत व्हॅल्यूएरर उठतो. आत येताना उठणारे हे एक्सेप्शन बहुतेक प्रोग्राम आधीच हाताळत असतात, कारण 'कखग' सारख्या ओळीलाही तेच उठते. लॉग लिहिताना ते उठेल अशी मात्र कोणी अपेक्षा केलेली नसते, त्यामुळे सरळ नकाराऐवजी सर्व्हरची अंतर्गत चूक दिसते. नाकारलेले मूल्य जसेच्या तसे चुकीच्या संदेशात छापण्याची सवय येथे दुप्पट अपायकारक ठरते. मूल्याऐवजी त्याची लांबी आणि रकान्याचे नाव नोंदवणे पुरेसे असते.

वेळेची मर्यादा घातली की सर्व हल्ले आटोक्यात येतात, हा समजही तपासून पाहावा लागतो. सीपायथॉन या पायथॉनच्या प्रचलित अंमलबजावणीत एका वेळी एकच थ्रेड भाषेचा कोड चालवू शकेल अशी जागतिक कुलपाची व्यवस्था असते, आणि मोठ्या संख्येचे रूपांतर चालू असताना ते कुलूप सुटत नाही. परिणामी त्याच प्रक्रियेतील इतर सर्व थ्रेड खोळंबतात. असिंकआयओवर उभारलेल्या सेवेत तर घटना-चक्रच थांबते, म्हणून त्याच चक्रावर अवलंबून असलेली वेळमर्यादा योग्य क्षणी लागू होऊच शकत नाही. बाहेरून प्रक्रिया मारणारी देखरेख उपयोगी पडते, परंतु मारलेल्या प्रक्रियेबरोबर तिच्याकडील इतर विनंत्याही बुडतात आणि हल्लेखोराला हवे असते तेच घडते. वेळमर्यादा असावी, पण रूपांतरापूर्वीच्या तपासणीचा पर्याय म्हणून नव्हे.

हा प्रश्न एका भाषेपुरता नाही, हे इतर दोन उदाहरणांवरून दिसते. जावामध्ये जेसॉन वाचण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जॅक्सन या लायब्ररीने २०२३ मधील २.१५ या आवृत्तीपासून वाचनावर बंधने घातली, आणि त्यांत एका संख्येची लांबी मूळ मांडणीत १,००० चिन्हांपुरती मर्यादित आहे. ओपनएसएसएल या गुप्तलेखन-लायब्ररीत मे २०२३ मध्ये दुरुस्त झालेला सीव्हीई-२०२३-२६५० हा दोष अधिक शिकवून जातो, कारण तेथे बाहेरून आलेल्या मजकुरात दशमान संख्या नव्हतीच. प्रमाणपत्रांमध्ये अल्गोरिदमची नावे वस्तु-ओळखचिन्हांच्या रूपात, म्हणजे उपक्रमांकांच्या द्विमान साखळीत, लिहिलेली असतात; त्यांतील एखादा उपक्रमांक अतिशय मोठा ठेवला की तो टिंबांनी जोडलेल्या दशमान मजकुरात बदलताना वर्गाच्या प्रमाणातील खर्च होई. त्यावरचा उपाय म्हणून अशा ओळखचिन्हाच्या रूपांतराला ५८६ बाइटांची मर्यादा घालण्यात आली. ज्या प्रणालीत कोणताही संख्यात्मक रकाना नाही ती सुरक्षित आहे, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. तिच्या तळाशी असलेल्या लायब्ररी कोणकोणती रूपांतरे करतात हे पाहावे लागते, आणि त्या अद्ययावत ठेवणे हाच तेथे व्यवहार्य उपाय असतो.

खरोखरच मोठ्या संख्यांची गरज असलेली कामे वेगळी हाताळावीत. २०४८ बिटांची आरएसए संख्या दशमानात ६१७ अंकी आणि ४०९६ बिटांची १,२३४ अंकी होते, म्हणजे नेहमीच्या गुप्तलेखनाला पायथॉनची मूळ मर्यादा अडवत नाही. हजारो अंकांच्या संख्यांवर काम करणाऱ्या संशोधनात संख्या साठवण्यासाठी व पाठवण्यासाठी षोडशमान पद्धत वापरावी, किंवा जीएमपीवर आधारलेली जीएमपीवाय२ ही लायब्ररी घ्यावी. मर्यादा वाढवणे अटळ असेल तर ती सिस मॉड्यूलमधील त्यासाठीच्या फंक्शनने, पायथॉनइंटमॅक्सस्ट्रडिजिट्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने किंवा प्रोग्राम सुरू करतानाच्या पर्यायाने बदलता येते. शून्य दिल्यास मर्यादा पूर्ण उठते आणि ६४० पेक्षा कमी धन किंमत स्वीकारली जात नाही. ही मांडणी संपूर्ण इंटरप्रिटरला लागू होत असल्यामुळे ती मुख्य प्रोग्रामच्या आरंभी एकदाच करावी. दुसऱ्यांनी वापरायच्या लायब्ररीने ती परस्पर बदलणे म्हणजे यजमान प्रणालीचे संरक्षण तिच्या नकळत काढून घेणे होय. ३.६ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना मूळ प्रकल्पाकडून ही दुरुस्ती मिळालेली नाही. त्या वापरणाऱ्यांनी आपल्या लिनक्स वितरकाने ती स्वतंत्रपणे आणली आहे का हे तपासावे, अन्यथा सर्व बचाव आपल्या कोडमध्येच करावा.

केलेली व्यवस्था टिकते की नाही, हे चाचण्यांनी पाहावे. प्रत्येक संख्यात्मक रकान्याला त्याच्या मर्यादेइतके अंक, मर्यादेपेक्षा एक अधिक अंक, देवनागरी अंक, अधोरेखा-चिन्ह असलेली ओळ आणि मोठा घातांक असलेली लहान ओळ देऊन नकार नेमका कोणत्या थरातून येतो हे नोंदवावे. ज्या वाटेची खात्री नसेल तिथे दहा हजार, वीस हजार, चाळीस हजार अशा दुपटीने वाढणाऱ्या लांबीच्या ओळी देऊन वेळ मोजावा: वेळ दुप्पट होत गेला तर वाढ सरळ प्रमाणात आहे, चौपट होत गेला तर वर्गाच्या प्रमाणात आहे, आणि कारात्सुबासारखी रीत आत असेल तर तिपटीच्या आसपास राहतो. मोजमाप करताना उत्तर तयार होण्याचा आणि लॉग लिहिण्याचा वेळही त्यात धरावा, आणि लायब्ररीची प्रत्येक मोठी आवृत्ती बदलल्यावर तेच मोजमाप पुन्हा करावे.